लॅबमधलं संशोधन धंद्यात आणायचंय? मग कंपनी सगळ्यात शेवटी रजिस्टर करा

कॉलेजच्या इनोव्हेशन सेलमध्ये किंवा इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र) येणारा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "कंपनी कशी रजिस्टर करायची?" त्याचं उत्तर सोपं आहे, एखादा सीए गाठा, तो थोड्या दिवसांत करून देतो. आणि सोपं आहे म्हणूनच सगळे तेच आधी करतात. लोगो होतो, वेबसाईट होते, लिंक्डइनवर फाउंडर अँड सीईओ लागतं, घरचे पेढे वाटतात, आणि वर्षभराने कळतं की विक्री शून्य असली तरी ऑडिट करावं लागतं आणि फॉर्म उशिरा भरला तर एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड चालू होतो.

पण दंड हा छोटा भाग झाला. मोठी गोष्ट म्हणजे कंपनी रजिस्टर झाली त्या दिवसापासून तुमची घड्याळं सुरू होतात. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड स्कीम २०२१ ला आली, तिची अटच अशी होती की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. बायरॅक ही केंद्राची बायोटेक उद्योगाला मदत करणारी संस्था, तिच्या बिग ग्रांटला कंपनी पाच वर्षांच्या आतली लागते. आता तुमचं संशोधन बाजारात यायला चार वर्षं लागणार असतील आणि त्यातली पहिली दोन तुम्ही नुसती कंपनी नावाला चालू ठेवण्यात घालवली तर नुकसान कुणाचं? म्हणून खाली जे लिहिलंय ते क्रमाने लिहिलंय, आणि कंपनी त्यात शेवटी आहे.

सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही केमिस्ट्रीत पीएचडी करताय आणि दुधातला युरिया आणि डिटर्जंट ओळखणारी कागदाची पट्टी बनवलीय, दुधात बुडवली की रंग बदलतो. लॅबमध्ये छान चालते. पुढे काय?

आधी बघा, वस्तू कुणाची आहे

"मी बनवली म्हणजे माझी" असं नसतं. फेलोशिप सरकारची, स्पेक्ट्रोमीटर डिपार्टमेंटचा, केमिकल्स सरांच्या प्रोजेक्टमधून आलेली. तुम्ही इन्व्हेंटर आहात, ते नाव कुणी काढू शकत नाही, पण पेटंटचा मालक बहुतेक वेळा संस्था असते, निदान भागीदार तरी. २०१९ ची राष्ट्रीय इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसीसुद्धा हेच म्हणते की संस्थेची साधनं वापरून केलेल्या कामात संस्था आणि संशोधक दोघांची मालकी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संस्थेकडून लायसन्स (पेटंट वापरायची परवानगी) घेता येतं, फक्त ते घ्यावं लागतं हे आधी माहीत पाहिजे.

आयआयटी बॉम्बेला यासाठी आयआरसीसी हा विभाग आहे, पुण्यात एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) लॅबमध्येही हे काम बघणारी माणसं आहेत. खरी अडचण साध्या संलग्न कॉलेजांत होते, तिथे आयपी पॉलिसी (संशोधनाची मालकी कुणाची याचे नियम) नावाचा कागदच बऱ्याचदा नसतो आणि प्राचार्यांना विचारलं तर ते म्हणतात "करा की, कोण अडवतंय". ही तोंडी परवानगी काही कामाची नाही! प्राचार्य बदलतात. एक पानी पत्र घ्या, त्यात कामाचं नाव, कुणी केलं, कॉलेजचा हक्क आहे की नाही, असला तर किती, आणि खाली सही शिक्का तारीख. प्रोजेक्टला एखाद्या कंपनीचे पैसे असतील तर त्या करारात आयपीचं कलम शोधून वाचा, कधी कधी सगळे हक्क आधीच त्यांना दिलेले असतात आणि सरांनाही ते आठवत नसतं.

लायसन्सची बोलणी होतील तेव्हा दोन गोष्टींवर अडून बसा. एक, एक्सक्लुझिव्ह मिळतंय का, निदान तुमच्या क्षेत्रापुरतं (दूध तपासणीसाठी तुम्हाला, पाणी तपासणीसाठी दुसऱ्या कुणाला, असं चालतं). दुसरं, सुरुवातीला रोख कमी आणि विक्री झाल्यावर रॉयल्टी. संस्थेलाही हे पटतं, कारण पेटंट कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं.

तोंड उघडायच्या आधी अर्ज करा

भारतात पेटंटला नवेपणा लागतो आणि अर्जाच्या आधी गोष्ट जाहीर झाली की नवेपणा गेला. थोड्या सवलती आहेत कायद्यात, पण अगदी अरुंद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. आता आपल्याकडे गोष्टी कशा जाहीर होतात बघा. विद्यापीठांच्या आविष्कार स्पर्धेत पोस्टर लावलं. कॉन्फरन्सच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट बुकात दोन परिच्छेद आले. गावाकडच्या पेपरात फोटोसकट बातमी आली, 'शेतकऱ्याच्या मुलाने बनवली भेसळ ओळखणारी पट्टी'. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे थिसिस, तो शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाईटवर चढला की जगात कुणालाही वाचता येतो.

उपाय तसा स्वस्त आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये. तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात, ही मुदत मात्र वाढत नाही. फक्त दोन ओळी खरडून प्रोव्हिजनल टाकू नका, जे त्यात लिहिलेलंच नाही त्याला ती तारीख लागू होत नाही. पट्टीवर कुठलं रसायन, किती, कसं चिकटवलं, रंग किती वेळात, सगळं लिहा. पेटंट एजंटची फी वेगळी पडते, तिच्यासाठी आधी संस्थेकडे मागा, संस्था मालक असेल तर तो खर्च तिचाच. आणि परदेशात अर्ज करायची घाई असेल तर आधी भारतात करून सहा आठवडे थांबा, नाहीतर परवानगी घ्या, भारतात राहणाऱ्याने परस्पर बाहेर अर्ज केलेला कलम ३९ ला चालत नाही.

हे १२ महिने म्हणजे खरं तर सगळ्यात कामाची गोष्ट आहे. १६०० रुपयांत एक वर्ष विकत मिळालं, त्या वर्षात तुम्ही मोकळेपणाने लोकांशी बोलू शकता. वर्षाअखेर कळलं की कुणालाच नकोय, तर पूर्ण अर्ज करू नका, सोडून द्या.

आता लॅबच्या बाहेर पडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. संशोधक माणसाला हा भाग नको असतो, त्याला वाटतं अजून एक रीडिंग घेऊ, अजून थोडी अ‍ॅक्युरसी वाढवू, मग जाऊ. नाही. अर्धवट पट्टी घेऊनच जा.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात शास्त्रज्ञांच्या टीमला सात आठवड्यांत साधारण १०० संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलायला लावतात. प्रॉडक्ट विकायला नाही, नुसतं ऐकायला. आपल्याकडे १०० जमले नाहीत तरी ३०-४० माणसं गाठणं काही अवघड नाही, एसटी आणि दुचाकीवर होतं.

पट्टीचंच बघू. तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक म्हणजे शहरातली गृहिणी, रोज सकाळी दूध तपासेल. विचारायला गेलात तर ती म्हणते "अरे वा, छानच आहे, नक्की घेऊ". आणि घेणार नाही. कारण तिचा दूधवाला ठरलेला आहे, भेसळ निघाली तर उद्यापासून दूध कुठून आणायचं हा तिच्यापुढे नवा प्रश्न, त्यात रोजचे पट्टीचे पैसे वेगळे. मग गावच्या दूध संकलन केंद्रावर जा, पहाटे जा, रांग असते तेव्हा. तिथे उभं राहून नुसतं बघा. शेतकरी किटली घेऊन येतो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) निघतं, पावती फाटते, पुढचा. एका माणसाला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. तुमच्या पट्टीला रंग यायला दोन मिनिटं लागत असतील तर ती या रांगेत बसणारच नाही, हे लॅबमध्ये तुम्हाला कुणीच सांगितलं नसतं कारण लॅबमध्ये दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही.

आणि पुढची गोष्ट त्याहून मोठी. संकलन केंद्राच्या सेक्रेटरीला भेसळ पकडायची इच्छा आहे का? किटली घेऊन आलेला माणूस त्याच्याच भावकीतला असू शकतो, पुढच्या निवडणुकीत मत देणारा असू शकतो. चारचौघांत पट्टी लाल झाली की भांडण. म्हणजे संकलन केंद्र हेसुद्धा पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल कदाचित. मग टँकर जिथे उतरतो त्या प्रोसेसिंग प्लांटच्या क्वालिटी कंट्रोलवाल्याकडे जा. त्याच्याकडे लॅब आहे, तो आत्ताही टेस्ट करतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे, टँकर भरायच्या आधी कळायला हवं, कारण एका केंद्राच्या खराब दुधाने अख्खा टँकर जातो. इथे कुणाचं तरी खरं नुकसान होतंय आणि ते थांबवायला तो पैसे देईल. म्हणजे पट्टी वापरणार एक, पैसे देणार दुसरा, आणि नको म्हणणार तिसराच. हे चित्र कागदावर काढता आलं की तुमचं अर्धं काम झालं.

विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "तुम्ही हे घ्याल का?" हा वाया गेलेला प्रश्न, आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, चहा पाजतात आणि "करा करा, चांगलं करताय" म्हणतात. त्याऐवजी घडलेलं विचारा. मागच्या वेळी खराब टँकर कधी आला होता? तेव्हा काय केलंत? किती नुकसान झालं? कुणी भरलं? आत्ता तपासायला महिन्याला किती खर्च होतो, आणि कुणाच्या सहीने होतो? शेवटचा प्रश्न विसरू नका, सही करणारा माणूस म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. तुमची पट्टी खिशातच ठेवा, निदान पहिली २० मिनिटं. आणि दोघं जा, एक बोलेल एक लिहील, घरी येऊन त्याच दिवशी वहीत उतरवा.

हे काही आत्ताचं फॅड नाही बरं का. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, ती नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात आले आणि मग लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली असं सांगतात. किर्लोस्करवाडी १९१० ची, तिच्याही आधीची ही गोष्ट. नांगर किती खोल जातो याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तो नव्हताच.

नमुना आणि पैसे

पाच-दहा माणसांनी एकच दुखणं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं की मग नमुना बनवा, आणि त्यांनी सांगितलं तेवढाच बनवा. त्यासाठी कंपनी लागत नाही. निधी-प्रयास ही केंद्र सरकारची स्कीम खास याच्यासाठी आहे, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत, अर्ज व्यक्ती म्हणून करता येतो, तो इन्क्युबेटरमार्फत जातो. नोकरी न करता वर्षभर यातच उतरायचं असेल तर निधी-ईआयआर फेलोशिप आहे, महिन्याला ३० हजारांपर्यंत. फार नाहीत, पण घरी "अजून वर्षभर बघतो" म्हणायला आधार होतो, आणि आपल्याकडे ते बोलणं ग्रांटच्या इंटरव्ह्यूपेक्षा अवघड असतं!

बायोटेक, मेडिकल, शेती, अन्न यातलं काम असेल तर बायरॅकची बिग ग्रांट, ५० लाखांपर्यंत, १८ महिने, अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे (२००७ पासून), पवईला आयआयटीत साइन आहे (२००४ पासून), दोन्ही इन्क्युबेटर, दोघंही बिगचे पार्टनर. अर्ज उघडला की शेवटच्या आठवड्यात पळत जाऊ नका, दोन महिने आधी मसुदा घेऊन जा. या अर्जात वाचणाऱ्याला आधी बघायचं असतं की गिऱ्हाईक कोण हे तुम्हाला कळलंय का, आणि तुमच्याकडे आता ती वही आहे. बाकीचे "भारतीय डेअरी मार्केट इतक्या लाख कोटींचं" वगैरे लिहितील, तुम्ही संकलन केंद्रावर मोजलेले सेकंद लिहा.

एक कात्री मात्र लक्षात ठेवा. सीड फंड स्कीमची अट होती की दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त पैसे मिळालेले नकोत. म्हणजे बिग मिळाली की तो दरवाजा बंद. कुठली स्कीम आधी, कुठली नंतर, हे इन्क्युबेटरवाल्यांबरोबर बसून कागदावर मांडा, आणि अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे नियम परत वाचा, हे बदलत असतात.

सरकारी पैसा हप्त्याने येतो. ठरलेलं काम दाखवा, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला) द्या, मग पुढचा हप्ता, आणि तो उशिरा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवा, वेगळं खातं ठेवा, आणि मधले तीन-चार महिने निघतील इतकी सोय बाजूला असू द्या. दुसरं, ग्रांटची सवय लागते. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, असं करत वर्षानुवर्षं चाललेल्या आणि एकही बिल न फाडलेल्या कंपन्या भरपूर आहेत. माझ्या मते पहिल्या नमुन्याचेच थोडे तरी पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यावेत. ५०० रुपये घ्या, पण घ्या. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल कुणी खरं बोलत नाही.

मेडिकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे, तुमचा काळ लांब आहे. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे तुमचं उपकरण ए, बी, सी, डी यातल्या कुठल्या वर्गात बसतं हे पहिल्याच महिन्यात शोधा, खर्च आणि वर्षं त्यावर ठरतात. आयआयटी बॉम्बेच्या प्राध्यापक राहुल पुरवारांची कंपनी इम्युनोअ‍ॅक्ट २०१८ ची, टाटा मेमोरियलबरोबर काम, आणि त्यांच्या कार-टी या कॅन्सरवरच्या उपचाराला मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३ ला. आणि त्याआधीची लॅबमधली वर्षं वेगळीच.

सरांना किती टक्के द्यायचे

हा विषय कुणी काढत नाही. विद्यार्थी सरांपुढे बसून "सर, तुमचे टक्के किती" असं विचारूच शकत नाही आपल्याकडे, आणि सरांनाही ते बोलायला बरं वाटत नाही, मग दोघं गप्प राहतात आणि कंपनी रजिस्टर करताना सीए विचारतो तेव्हा घाईत ५०-५० होतं. पुढे विद्यार्थी दिवसरात्र दुधाच्या टँकरमागे धावतोय आणि सर महिन्यातून एकदा झूमवर येतायत, मग मन खट्टू होतंच.

थेट टक्क्यांवर जाऊच नका. आधी एका कागदावर लिहा की पुढच्या दोन वर्षांत कोण काय करणार, कोण पूर्णवेळ, कोण आठवड्यातून चार तास, कोण पैसे घालणार. तो कागद समोर असला की आकडा आपोआप खाली येतो. आतापर्यंतच्या संशोधनाचं श्रेय सरांना पेटंटमध्ये आणि संस्थेच्या रॉयल्टीतल्या वाट्यात मिळतंच, कंपनीतला हिस्सा पुढच्या कामाचा असतो, हे दोन्ही वेगळं ठेवलं की बोलणं सोपं होतं. नाहीच जमत तर इन्क्युबेटरच्या मॅनेजरला मध्ये बसवा, ते त्यांचं रोजचं काम आहे. आयआयटी बॉम्बेतली सेडेमॅक ही कंपनी प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून २००७ मध्ये काढली, म्हणजे गुरु-शिष्य जोडी चालत नाही असं अजिबात नाही.

मित्रांचंही तेच. सगळ्यांच्या शेअरला व्हेस्टिंग लावा, चार वर्षांत हळूहळू मिळणार आणि पहिल्या वर्षात सोडून गेला तर काही नाही. कुणाला परदेशात पोस्टडॉक मिळेल, कुणाचं लग्न ठरेल, कुणी एमपीएससीला बसेल, यात वाईट काही नाही, फक्त तो २५ टक्के घेऊन जायला नको. संस्थाही हिस्सा मागेल, २०१९ च्या पॉलिसीत इन्क्युबेशनच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के सुचवलेत, त्यापेक्षा जास्त कुणी मागत असेल तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

सरकारी नोकरीतल्या शास्त्रज्ञांनी आणि प्राध्यापकांनी लेखी परवानगी घेतल्याशिवाय डायरेक्टर होऊ नये. "मिसेसच्या नावावर काढू" हा आवडता मार्ग आहे, पण उद्या तुमच्याच लॅबचं लायसन्स त्याच कंपनीला द्यायची फाईल टेबलावर आली की तो हितसंबंधांचा मामला होतो आणि तेव्हा कुणी बाजूने उभं राहत नाही. सबॅटिकल मागा, सल्लागार म्हणून परवानगी मागा, उशीर होईल पण सरळ होईल.

आणि मग कंपनी

कधी? जेव्हा कुणीतरी पर्चेस ऑर्डर द्यायला तयार आहे आणि ती कुणाच्या नावाने काढायची विचारतोय, किंवा ग्रांट मंजूर झालीय आणि पैसे घ्यायला कंपनी लागतेय, किंवा संस्था लायसन्सवर सही करायला तयार आहे. यातलं एक घडलं की करा, तोवर नको.

नुसती सल्लागिरी किंवा टेस्टिंग सर्व्हिस देणार असाल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पुरते, उलाढाल ४० लाख आणि भागीदारांचं भांडवल २५ लाख यांच्या आत असेल तर ऑडिटही लागत नाही. पुढे गुंतवणूकदार आणायचे असतील तर प्रायव्हेट लिमिटेड, त्यांना शेअर तिथेच घेता येतात. स्पाइस प्लस फॉर्मने नोंदणी होते, पॅन टॅन त्यातच मिळतं. झाल्यावर ३० दिवसांत ऑडिटर नेमायचा, १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचा आयएनसी-२०ए फॉर्म भरायचा, हा खूप जण विसरतात. डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची स्टार्टअप मान्यता फुकट असते, पोर्टलवर स्वतः अर्ज करा, त्याचे पाच हजार मागणाऱ्या एजंटला देऊ नका. मान्यता आली की राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीकडे पेटंटच्या खर्चाच्या परताव्यासाठी विचारा, आणि महाराष्ट्र स्टार्टअप वीकचा अर्ज निघाला की भरा, त्यात निवडलेल्यांना सरकारी खात्याची वर्क ऑर्डर मिळते, म्हणजे बक्षीस नाही, खरं काम.

पहिल्या बोर्ड मीटिंगमध्ये करायचं एक काम राहिलंच. प्रोव्हिजनल तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर ते कंपनीच्या नावे करायचा असाइनमेंटचा करार त्याच दिवशी, सगळ्या इन्व्हेंटर्सच्या सह्यांसकट करून घ्या. सगळे एका खोलीत आहेत तोवर.